संसद मोठी की ब्रसेल्स? युरोपीय एकीकरण आणि संसदेच्या सार्वभौमत्वाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रेग्झिटच्या, म्हणजे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या, बातम्या मराठी वर्तमानपत्रांतून भरपूर आल्या. पण त्यामागचा कायद्याचा वाद सहसा दोन वाक्यांत उरकला जातो: ब्रिटनने सार्वभौमत्व गमावलं होतं, ते परत मिळवलं. प्रकरण इतकं सरळ नव्हतं. विद्यार्थी, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे आणि परदेशी नातलग असलेले वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. काही लांबली आहेत, कारण खरी गंमत तिथेच आहे.

संसद सार्वभौम असते म्हणजे नेमकं काय?

ब्रिटनपुरतं बोलायचं तर: संसद हवा तो कायदा करू शकते, हवा तो रद्द करू शकते, आणि तिने केलेला कायदा बाजूला ठेवण्याचा अधिकार देशात कोणालाही नाही, न्यायालयालाही नाही. ऑक्सफर्डचे प्राध्यापक ए. व्ही. डायसी यांनी १८८५ मध्ये ही मांडणी केली आणि पुढच्या पिढ्यांनी ती पाठ केली. आयव्हर जेनिंग्ज यांचं उदाहरण प्रसिद्ध आहे. पॅरिसच्या रस्त्यांवर धूम्रपान करणं गुन्हा आहे, असा कायदाही ब्रिटिश संसद करू शकते. पॅरिसचे पोलीस त्याला भीक घालणार नाहीत, पण इंग्लंडच्या न्यायाधीशाला तो कायदाच मानावा लागेल.

यातला एक उपनियम पुढे फार महत्त्वाचा ठरतो. आजची संसद उद्याच्या संसदेचे हात बांधू शकत नाही. दोन कायदे एकमेकांविरुद्ध गेले, तर नंतरचा खरा.

स्कॉटलंडमध्ये मात्र यावर पहिल्यापासून कुरबूर आहे. १९५३ मध्ये तिथले न्यायाधीश लॉर्ड कूपर यांनी स्पष्ट म्हटलं की अमर्याद सार्वभौमत्वाचं हे तत्त्व मुळात इंग्रजी आहे, स्कॉटिश घटनापरंपरेत त्याला जागा नाही.

भारताची संसदही अशीच सार्वभौम आहे ना?

नाही. आपल्याकडे संविधान श्रेष्ठ आहे आणि संसद त्याचं अपत्य आहे. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात १३ न्यायमूर्तींच्या पीठाने ७ विरुद्ध ६ मतांनी ठरवलं की घटनादुरुस्ती करतानाही संविधानाच्या मूलभूत चौकटीला हात लावता येणार नाही. पुण्याचे य. वि. चंद्रचूड तेव्हा अल्पमतात होते, म्हणजे संसदेच्या बाजूने. सात वर्षांनी मिनर्व्हा मिल्स खटल्यात, सरन्यायाधीश म्हणून, त्यांनीच संसदेला चौकटीची आठवण करून देणारा बहुमताचा निकाल लिहिला.

हा धागा युरोपलाही जोडलेला आहे. ‘मूलभूत चौकट’ ही कल्पना आपल्या वकिलांपर्यंत पोचायला जर्मन अभ्यासक डीट्रिश कॉनराड यांचं बनारसमधलं १९६५ चं व्याख्यान कारणीभूत ठरलं. जर्मनीच्या राज्यघटनेत काही कलमं कायमची अबाधित ठेवली आहेत, हे त्यांनी सांगितलं होतं. तीच अबाधित कलमं पुढे जर्मन न्यायालयाने ब्रसेल्ससमोर, म्हणजे तिथे मुख्यालय असलेल्या युरोपीय संघासमोर, ढालीसारखी धरली. त्याबद्दल खाली येईलच.

१९७३ मध्ये ब्रिटनने नेमकं काय देऊन टाकलं?

१ जानेवारी १९७३ रोजी ब्रिटन तेव्हाच्या युरोपीय आर्थिक समुदायात, म्हणजे आजच्या युरोपीय संघाच्या आधीच्या रूपात, सामील झाला. त्याआधी फ्रान्सच्या द गॉल यांनी १९६३ आणि १९६७ अशी दोनदा दारातूनच पाठवणी केली होती. ब्रिटनमध्ये नुसत्या आंतरराष्ट्रीय करारावर सही करून देशातला कायदा बदलत नाही, त्यासाठी संसदेचा कायदा लागतो. म्हणून ‘युरोपीय समुदाय कायदा १९७२’ आला. दुसऱ्या वाचनाला हुजूर पक्षाचे पंतप्रधान एडवर्ड हीथ यांचं विधेयक अवघ्या ८ मतांनी तरलं: ३०९ विरुद्ध ३०१.

त्यातलं कलम २ वाचलं की सगळं प्रकरण समजतं. युरोपचे कायदे, आजचे आणि उद्याचेही, ब्रिटनमध्ये आपोआप लागू होतील, आणि ब्रिटनचे पुढचे कायदे याच्या अधीन राहून वाचले जातील. ‘उद्याचेही’ हा शब्द बघा. अजून जन्माला न आलेल्या कायद्यांना संसदेने आधीच दार उघडून ठेवलं.

याला मी कुलमुखत्यारपत्र म्हणतो. मालकी तुमचीच, पण मुखत्याराने केलेली सही तुम्हाला बांधते. पत्र रद्द करता येतं, मात्र रद्द करेपर्यंतचे व्यवहार पक्के.

युरोपचा कायदा देशाच्या कायद्यापेक्षा वरचढ, हे करारात कुठे लिहिलं आहे?

कुठेही नाही, आणि ही या विषयातली सर्वांत रोचक गोष्ट आहे. बेल्जियम, फ्रान्स, इटली, लक्झेंबर्ग, नेदरलँड्स आणि पश्चिम जर्मनी या सहा देशांनी २५ मार्च १९५७ रोजी रोममध्ये करार केला. त्यात श्रेष्ठत्वाचं कलम नव्हतं. ते लक्झेंबर्गमधल्या युरोपीय न्यायालयाने शोधून काढलं. टीकाकार म्हणतात, रचून काढलं.

पहिला खटला १९६३ चा. फान खेंड एन लोस नावाची डच वाहतूक कंपनी जर्मनीतून एक रासायनिक गोंद आणत होती. वर्गवारी बदलल्यामुळे त्यावरची जकात ३ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर गेली. कंपनी म्हणाली, करारात तर जकात वाढवायची नाही असं ठरलंय. डच सरकार म्हणालं, करार आमच्या आणि इतर सरकारांमधला, तुमचा काय संबंध? न्यायालयाने सांगितलं, संबंध आहे: हा करार फक्त सरकारांना नाही, नागरिकांनाही हक्क देतो आणि ते हक्क देशातल्या न्यायालयात मागता येतात.

दुसरा खटला त्याहून मजेशीर. इटलीने १९६२ मध्ये वीज कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण केलं. मिलानचे वकील फ्लामिनियो कोस्ता हे त्यातल्या एका कंपनीचे भागधारक होते. त्यांनी नव्या सरकारी कंपनीचं १,९२५ लिरांचं वीजबिल भरायला नकार दिला आणि राष्ट्रीयीकरण रोमच्या कराराविरुद्ध आहे, असा मुद्दा काढला. इटलीच्या घटना न्यायालयाने आधीच उत्तर दिलं होतं: नंतरचा कायदा खरा, म्हणजे राष्ट्रीयीकरणाचा. पण जुलै १९६४ मध्ये लक्झेंबर्गने उलट सांगितलं. प्रत्येक देश आपल्या सोयीने नंतर कायदा करून करारातून सुटू लागला, तर समुदायाला अर्थच उरणार नाही. म्हणून युरोपचा कायदा वरचढ.

म्हणजे आज ४५ कोटी लोकांना लागू असलेलं तत्त्व एका थकवलेल्या वीजबिलातून आलं. महावितरणशी भांडणाऱ्यांनी धीर सोडू नये.

२००४ च्या युरोपीय राज्यघटनेच्या मसुद्यात हे श्रेष्ठत्व प्रथमच कलम म्हणून घातलं गेलं. तो मसुदा २००५ मध्ये फ्रान्स आणि नेदरलँड्सच्या मतदारांनी फेटाळला. १ डिसेंबर २००९ पासून लागू झालेल्या लिस्बन करारात ते कलम पुन्हा नाही. करारासोबतच्या एका घोषणेत त्याचा उल्लेख करून सगळे गप्प बसले.

ब्रिटिश न्यायालयाने ब्रिटिश संसदेचा कायदा खरोखर बाजूला ठेवला होता का?

हो, १९९० मध्ये, आणि भांडण मासळीचं होतं.

युरोपच्या सामाईक मत्स्यधोरणात प्रत्येक देशाला कोटा मिळतो. स्पॅनिश मालकांनी ब्रिटनमध्ये कंपन्या काढून बोटी ब्रिटिश म्हणून नोंदवल्या आणि ब्रिटनच्या कोट्यातले मासे पकडून नेऊ लागले. कॉर्नवॉल आणि डेव्हनच्या मच्छीमारांचा संताप समजण्यासारखा होता. परराज्यातल्या बोटी आपल्या हद्दीत आल्या की मालवण-रत्नागिरीला काय होतं, ते आपण बघतो. मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने १९८८ मध्ये कायदा केला: बोटीची मालकी प्रामुख्याने ब्रिटिश नागरिकांकडेच हवी.

फॅक्टरटेम या कंपनीने आणि इतर बोटमालकांनी दावा लावला. राष्ट्रीयत्वावरून भेदभाव करारात बसत नाही, हा त्यांचा मुद्दा. निकाल लागेपर्यंत कायद्याला स्थगिती द्या, अशी मागणी झाली तेव्हा हाउस ऑफ लॉर्ड्सचे (तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाचे) न्यायाधीश अडले. संसदेच्या कायद्याला स्थगिती? असं इंग्लंडमध्ये घडतच नव्हतं. लक्झेंबर्गला विचारणा गेली आणि उत्तर आलं की देशातला नियम आड येत असेल तर तो बाजूला ठेवा. स्थगिती दिली गेली.

१९७४ मध्ये इंग्लंडचे न्यायाधीश लॉर्ड डेनिंग यांनी युरोपच्या कायद्याला भरतीच्या पाण्याची उपमा दिली होती, खाडीत शिरून नदीतून वर चढणाऱ्या. फॅक्टरटेममध्ये ते पाणी वेस्टमिन्स्टरच्या पायरीला लागलं. पण लॉर्ड ब्रिज यांनी निकालात जे म्हटलं, ते विसरू नये. संसदेने जी काही मर्यादा स्वीकारली ती १९७२ मध्ये राजीखुशीने स्वीकारली, आणि अटी तेव्हाही सर्वांना माहीत होत्या. कोस्ताचा निकाल १९६४ चा आहे. ब्रिटन त्यानंतर आठ-नऊ वर्षांनी आत गेला. ‘आम्हाला कल्पना नव्हती’ हा बचाव इथे चालत नाही.

केळीवाल्याचा खटला म्हणतात तो कोणता?

इंग्लंडमधल्या संडरलँडचे भाजीविक्रेते स्टीव्ह थॉबर्न केळी पौंडाच्या मापात विकत होते. युरोपच्या नियमांमुळे किलोग्रॅम सक्तीचा झाला होता. २००० साली अधिकाऱ्यांनी त्यांचे काटे उचलून नेले. वर्तमानपत्रांनी त्यांना ‘मेट्रिक हुतात्मा’ करून टाकलं. वकिलांचा युक्तिवाद डायसीच्या वळणाचा होता: पौंडाला मुभा देणारा वजन-मापांचा कायदा १९८५ चा आहे, १९७२ नंतरचा, म्हणून तोच खरा.

थॉबर्न हरले. पण २००२ च्या निकालात न्यायमूर्ती लॉज यांनी एक नवी पायरी तयार केली. काही कायदे साधे असतात, काही ‘घटनात्मक’ असतात. घटनात्मक कायदा नंतरच्या कायद्याने नकळत रद्द होत नाही, संसदेने तसं उघड म्हणावं लागतं. शिवाय ही ताकद १९७२ च्या कायद्याला ब्रसेल्सने दिलेली नाही, इंग्लंडच्या स्वतःच्या कायद्याने दिली, असं त्यांनी बजावलं. हरलेल्या पक्षाच्या तत्त्वाला एवढा मान क्वचित मिळतो.

बाकीच्या देशांनी लक्झेंबर्गचं ऐकून घेतलं?

ऐकलं, पण प्रत्येकाने एक ‘पण’ लावला.

जर्मनीचा ‘पण’ सर्वांत वजनदार. कार्ल्सरूहच्या घटना न्यायालयाने १९७४ मध्ये सांगितलं: जोपर्यंत युरोपमध्ये मूलभूत हक्कांना पुरेसं संरक्षण नाही, तोपर्यंत आम्ही तपासणार. १९८६ मध्ये सूर बदलला: जोपर्यंत पुरेसं संरक्षण आहे, तोपर्यंत आम्ही तपासणार नाही. दोन्ही निकाल ‘झोलांगं’ म्हणून ओळखले जातात, जर्मनमध्ये त्याचा अर्थच ‘जोपर्यंत’. १९९३ मध्ये, युरोपीय संघ स्थापन करणाऱ्या मास्ट्रिख्ट करारावर निकाल देताना, याच न्यायालयाने सदस्यदेशांना ‘करारांचे धनी’ म्हटलं. आणि ५ मे २०२० रोजी प्रत्यक्ष झटका दिला: युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या रोखेखरेदीवरचा लक्झेंबर्गचा निकाल अधिकारकक्षेबाहेरचा आहे, आम्हाला बंधनकारक नाही. युरोपीय आयोगाने, म्हणजे संघाच्या कार्यकारी मंडळाने, जर्मनीविरुद्ध कारवाई सुरू केली. जर्मन सरकारने श्रेष्ठत्व मान्य असल्याची ग्वाही दिल्यावर डिसेंबर २०२१ मध्ये ती गुंडाळली गेली.

इटलीने १९७३ पासून मूलभूत तत्त्वांची राखीव कुंपणं आखून ठेवली आहेत. फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने तर १९८९ पर्यंत नंतरच्या फ्रेंच कायद्यापेक्षा करार मोठा मानलाच नाही. संस्थापक देशाला ३२ वर्षं लागली, हे ब्रिटनला नाठाळ म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

पोलंडचं प्रकरण वेगळं, आणि ते जर्मनीच्या पंक्तीला बसवणं मला पटत नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिथल्या घटना न्यायाधिकरणाने युरोपीय करारांतली काही कलमंच पोलिश राज्यघटनेशी विसंगत ठरवली. पण त्या न्यायाधिकरणाच्या नेमणुका सत्ताधाऱ्यांनी वादग्रस्त पद्धतीने केल्या होत्या, आणि मूळ भांडण न्यायाधीशांच्या स्वातंत्र्याचं होतं. त्याच महिन्यात लक्झेंबर्गने पोलंडला दिवसाला १० लाख युरोचा दंड लावला. सार्वभौमत्वाची भाषा दोघांची सारखी, पण जर्मनीत न्यायालय सरकारला अडवत होतं, पोलंडमध्ये सरकारची वाट मोकळी करत होतं.

ब्रसेल्सचे न निवडलेले बाबू कायदे करतात, हे खरं आहे?

अर्धं. प्रस्ताव मांडण्याचा अधिकार जवळपास फक्त युरोपीय आयोगाकडे आहे, आणि आयुक्त थेट निवडून येत नाहीत. पण कायदा मंजूर करतात दोन सभागृहं: लोकांनी निवडलेली ७२० जागांची युरोपीय संसद आणि सदस्यदेशांच्या मंत्र्यांची परिषद. परिषदेत बहुतेक विषयांवर २७ पैकी १५ देश आणि लोकसंख्येचे ६५ टक्के, असं दुहेरी बहुमत लागतं. कर आणि परराष्ट्र धोरणावर अजूनही एकमत.

आता या ‘मंत्र्यांच्या परिषदे’कडे नीट बघा. देशात जो कृषिमंत्री आपल्या संसदेला उत्तर देतो, तोच ब्रसेल्सला गेला की बंद दाराआड कायदे करणारा होतो. परत आल्यावर म्हणतो, काय करणार, युरोपचा नियम आहे! माझ्या मते एकीकरणात सर्वांत जास्त नुकसान देशाचं झालं नाही, झालं ते देशाच्या संसदेचं, आणि तिची सत्ता ब्रसेल्सपेक्षाही स्वतःच्याच मंत्र्यांनी खाल्ली.

डेन्मार्कने हे लवकर ओळखलं. तिथल्या फोल्केटिंगची, म्हणजे संसदेची, युरोपविषयक समिती महत्त्वाच्या विषयांवर मंत्र्याला आधी बोलावते, तुमची भूमिका काय ते विचारते, आणि समितीत विरोधी बहुमत असेल तर मंत्र्याला तो पवित्रा घेऊन वाटाघाटीला जाता येत नाही. करार तोच, युरोप तोच, पण डॅनिश खासदाराच्या हातात लगाम आहे.

लिस्बन करारानंतर सर्व संसदांना एक ‘पिवळं कार्ड’ मिळालं. आठ आठवड्यांत एकतृतीयांश मतं हरकतीची आली तर आयोगाला प्रस्तावाचा फेरविचार करावा लागतो. पहिल्या सात वर्षांत ते तीनदा दाखवलं गेलं. २०१२ चा संपाच्या हक्काबद्दलचा प्रस्ताव आयोगाने मागे घेतला, पुढचे दोन (२०१३ आणि २०१६) रेटून नेले. लाल कार्ड कोणाकडेच नाही.

जनतेने सार्वमतात ‘नाही’ म्हटलं तर?

मोठ्या देशाचं ‘नाही’ आणि छोट्या देशाचं ‘नाही’ यांची किंमत सारखी नसते. जून १९९२ मध्ये डेन्मार्कने मास्ट्रिख्ट करार नाकारला. सवलती देऊन १९९३ मध्ये पुन्हा विचारलं, तेव्हा होकार आला. आयर्लंडने २००१ मध्ये नीस आणि २००८ मध्ये लिस्बन करार नाकारला, दोन्ही वेळा पुढच्या वर्षी पुन्हा मतदान होऊन मंजुरी मिळाली. फ्रान्सने २००५ मध्ये नाकारलं, तर मसुदाच मेला. अर्थात त्यातला बराच मजकूर लिस्बन करारात नव्या कपड्यांत आला, आणि फ्रान्समध्ये या वेळी सार्वमत न घेता तो संसदेतून पार केला गेला.

सर्वांत कडू उदाहरण ग्रीसचं. ५ जुलै २०१५ रोजी ६१ टक्के मतदारांनी कर्ज देणाऱ्यांच्या अटी झिडकारल्या. आठवडाभरात सरकारने तशाच कडक अटींवर तडजोड केली. बँका बंद होत्या, एटीएममधून दिवसाला ६० युरोच मिळत होते. तिथे कोणत्याही न्यायालयाने ग्रीक संसदेचा कायदा बाजूला ठेवला नव्हता. स्वतःचं चलन नसलेल्या देशाला तशी वेळच आली नाही.

स्ट्रासबर्गचं मानवी हक्क न्यायालय हे युरोपीय संघाचंच ना?

नाही. ते युरोप परिषद या वेगळ्या संघटनेचं आहे आणि १९५० च्या मानवी हक्क करारावर उभं आहे. ब्रेग्झिटनंतरही ब्रिटन त्यात आहे. १९९८ च्या ब्रिटिश कायद्यानुसार ब्रिटनमधलं न्यायालय संसदेचा कायदा या हक्कांशी ‘विसंगत’ असल्याचं जाहीर करतं, पण कायदा चालूच राहतो. दुरुस्ती करायची की नाही, ते संसद ठरवते. लक्झेंबर्ग आणि स्ट्रासबर्ग यांची गल्लत ब्रिटिश खासदारही करत आले आहेत, त्यामुळे तुमची झाली तर वाईट वाटून घेऊ नका.

इतकी वर्षं ब्रसेल्सने कायदे केले, मग हक्क कायमचे त्यांचेच झाले नाहीत का?

हा प्रश्न आपल्या माणसालाच सुचतो, कारण आपल्याकडे कूळकायदा आहे. सातबाऱ्यावर नाव मालकाचं, कसणारा दुसरा, आणि एक दिवस कसणारा मालक झाला. योगायोग असा की रोमच्या करारानंतर बरोबर आठवड्याने, १ एप्रिल १९५७ ला, आपल्याकडे कृषक दिनाने कुळांना मालक मानलं.

युरोपात मात्र कूळ मालक झालं नाही. लिस्बन कराराच्या कलम ५० ने बाहेर पडण्याचा रस्ता लेखी दिला, आणि ब्रिटन त्यावरून चालत गेला. १९७२ चा कायदा संसदेने रद्द केला आणि कोणत्याही न्यायाधीशाने तो अडवला नाही. ज्या कायद्याने ४७ वर्षं संसदेला बांधून ठेवलं असं म्हणत होते, तो साध्या बहुमताने गेला.

मग ब्रेग्झिटने संसदेला सत्ता परत मिळाली?

देशाला मिळाली. संसदेला मिळाली का, हे बघायला हवं.

२३ जून २०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्क्यांनी बाहेर पडण्याचा कौल दिला. थेरेसा मे यांच्या सरकारने ठरवलं की संघाला नोटीस देण्यासाठी संसदेला विचारायची गरज नाही, राजसत्तेचे जुने विशेषाधिकार पुरेत. जीना मिलर या उद्योजिका न्यायालयात गेल्या. जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध ३ मतांनी सरकारला संसदेकडे पाठवलं. २०१९ मध्ये बोरिस जॉन्सन यांनी ऐन मोक्यावर संसद पाच आठवड्यांसाठी संस्थगित केली. २४ सप्टेंबरला ११ न्यायमूर्तींनी एकमताने ती कृती रद्दबातल ठरवली. संस्थगितीचा आदेश घेऊन सभागृहात आलेल्यांच्या हातात जणू कोरा कागद होता, असं न्यायालय म्हणालं. संसदेचं सार्वभौमत्व परत आणायला निघालेल्या सरकारांना संसदच अडचणीची वाटत होती, हे दोन्ही खटल्यांत दिसलं.

३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन बाहेर पडला, संक्रमणकाळ वर्षअखेरीस संपला. मग प्रश्न आला हजारो युरोपीय नियमांचं काय करायचं. ते ब्रिटिश कायदा म्हणून ठेवून घेतले गेले आणि बदलण्याचे अधिकार मोठ्या प्रमाणात मंत्र्यांना दिले. अशा अधिकारांना तिथे ‘आठव्या हेन्रीची कलमं’ म्हणतात, फर्मानांना कायद्याची ताकद देणाऱ्या १५३९ च्या राजावरून. सगळे उरलेले युरोपीय नियम २०२३ अखेर एकदम संपवायचा बेतही होता. मे २०२३ मध्ये सरकारने माघार घेऊन सुमारे ६०० ची यादी केली. युरोपच्या कायद्याचं श्रेष्ठत्व मात्र त्या वर्षअखेरीला संपलं.

उत्तर आयर्लंड वगळता. आयर्लंड बेटावर कुंपण नको म्हणून तिथे मालाबद्दलचे अनेक युरोपीय नियम अजून लागू आहेत, आणि ते नियम करणाऱ्या सभागृहांत बेलफास्टचा, म्हणजे उत्तर आयर्लंडचा, एकही प्रतिनिधी बसत नाही. ही सबंध ब्रेग्झिटमधली सर्वांत अवघड जागा आहे.

या सगळ्याचा आपल्या हापूसशी आणि द्राक्षांशी काय संबंध?

१ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंब्यावर बंदी घातली, सोबत वांगी, कारली, पडवळ आणि अळू. कारण फळमाशी. भारतीय आंब्याचं युरोपातलं मोठं गिऱ्हाईक ब्रिटनमध्ये, पण बंदी उठवणं लंडनच्या हातात नव्हतं. लेस्टरचे खासदार कीथ वाझ, मूळ गोव्याच्या कुटुंबातले, यांनी बराच आवाज उठवला. जानेवारी २०१५ मध्ये आंब्यावरची बंदी मुदतीआधी उठली. मात्र ‘ब्रसेल्सने लादलं’ म्हणताना हेही सांगायला हवं की ब्रिटनच्या स्वतःच्या कृषी खात्याला काचगृहातल्या टोमॅटो-काकडीची काळजी होती आणि बंदी त्यांना गैरसोयीची नव्हती.

व्यापारधोरण हा संपूर्णपणे संघाचा विषय आहे. म्हणून भारत पॅरिसशी किंवा बर्लिनशी स्वतंत्र व्यापार करार करू शकत नाही, ब्रसेल्सशीच बोलावं लागतं. ब्रिटनशी मात्र २४ जुलै २०२५ रोजी वेगळा करार झाला.

आणि निफाड-दिंडोरीचा द्राक्ष बागायतदार? फवारणीनंतर किती अंश राहिला तर माल चालेल, ती मर्यादा ब्रसेल्समध्ये ठरते आणि तो इथे रेसिड्यू रिपोर्टची वाट बघत बसतो. त्याचं तिथे मत नाही, खासदार नाही, पिवळं कार्ड नाही.

गोव्यातले लोक पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला कसे गेले?

१९६१ पूर्वी गोवा, दमण, दीव इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगाल आपल्या कायद्यानुसार नागरिकत्वाची नोंद करू देतं. पोर्तुगाल १९८६ पासून समुदायात आहे, आणि १९९३ पासून सदस्यदेशाचा प्रत्येक नागरिक आपोआप युरोपीय संघाचा नागरिक होतो. नागरिक कोण, हे लिस्बनने ठरवायचं, आणि ते ठरलं की लंडनला हरकत घेता येत नव्हती. त्यामुळे स्विंडनसारख्या शहरात गोवेकरांची मोठी वस्ती झाली. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नसल्याने त्यांना भारतीय पासपोर्ट मात्र सोडावा लागतो.

ब्रेग्झिटनंतर आधीपासून राहणाऱ्यांना ३० जून २०२१ पर्यंत अर्ज करून तिथे कायम राहण्याचा हक्क मिळवता येत होता. आता नव्याने जाणाऱ्याला पोर्तुगीज पासपोर्टवर व्हिसाशिवाय काम करता येत नाही. डब्लिन किंवा लिस्बनला मात्र येतं.

नॉर्वेसारखं बाहेर राहून फायदे घेता येत नाहीत का?

घेता येतात, किंमत मोजून. नॉर्वेने १९७२ आणि १९९४ अशी दोनदा सदस्यत्वाला नकार दिला. तरी एकल बाजारपेठेत राहण्यासाठी ब्रसेल्सचे नियम आपल्या कायद्यात घेतो आणि पैसेही भरतो. नियम ठरवताना मात्र मत नाही. तिथले लोकच याला ‘फॅक्सवरची लोकशाही’ म्हणून चिडवत आले आहेत.

ब्रिटनला उद्या परत जायचं झालं तर?

कलम ४९ प्रमाणे नव्याने अर्ज. सर्व २७ सरकारांचं एकमत, मग प्रवेश करारावर प्रत्येक देशाची त्याच्या पद्धतीने मंजुरी. थॅचर यांनी १९८४ मध्ये भांडून मिळवलेली वर्गणीतली सूट आणि युरो न घेण्याची मुभा आपोआप परत मिळणार नाही. एक देश अडला तरी गाडी थांबते. पिरानच्या चिमुकल्या उपसागराच्या हद्दीवरून स्लोव्हेनियाने क्रोएशियाच्या वाटाघाटी २००८ च्या अखेरीपासून अनेक महिने रोखल्या होत्या. ब्रिटनशी मासळीवरून भांडलेल्या देशांची यादी तर बरीच लांब आहे, आणि स्पेन तीत पहिल्या ओळीत असेल.